सात वेळा नीट सुरू होणारा लिनक्स फोन आठव्यांदा फास्टबूटमध्ये का जाऊन बसतो?

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. जुन्या अँड्रॉइड फोनवर तुम्ही पोस्टमार्केटओएस, मोबियन किंवा तसंच एखादं लिनक्स टाकलं. पहिल्या दिवशी सगळं छान. वाय-फाय लागलं, टच चालतोय, टर्मिनल उघडतंय. पुढचे काही दिवस फोन बंद-चालू होतो, अपडेट घेतो, कसली तक्रार नाही. मग एके दिवशी साधं रीस्टार्ट करता आणि फोन परत येतच नाही. कधी फास्टबूटचा, म्हणजे सिस्टम सुरू न करता केबलवरून संगणकाच्या आज्ञा घेणारा, पडदा समोर येतो. कधी लोगोवर अडकतो. कधी तर ज्याला आपण निरोप दिला होता ते जुनं अँड्रॉइडच जागं होतं आणि तुमचा डेटा खराब झाला आहे, असं सांगू लागतं. तुम्ही वैतागून सगळं पुन्हा फ्लॅश करता, म्हणजे सिस्टमची इमेज फोनवर नव्याने लिहिता, फोन सुरू होतो, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.

हे 'पुन्हा तेच' महत्त्वाचं आहे. एकदाच बिघडलं तर कारणं पन्नास असू शकतात. पण फ्लॅश केल्यावर बरं होतं, काही रीस्टार्ट नीट होतात आणि मग परत मरतं, हे चक्र दिसलं तर दहातल्या बऱ्याच वेळा तुमच्या लिनक्समध्ये काहीही बिघडलेलं नसतं. बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना आधी धावून सिस्टमला उठवणारा छोटा प्रोग्राम, एक आकडा मोजत असतो आणि तो आकडा संपलेला असतो, एवढंच. तो कुठे दिसतो, का संपतो आणि कायमचा कसा थांबवायचा, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

एक सूचना: आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. संगणकावर टाइप करताना त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान ठेवून लिहायच्या.

सगळ्यात आधी: काहीही पुसू नका

फोन जुन्या अँड्रॉइडच्या रिकव्हरीत जाऊन उभा राहिला असेल, तर तिथे सहसा दोन पर्याय दिसतात. एक 'पुन्हा प्रयत्न करा', दुसरा 'फॅक्टरी डेटा रीसेट'. दुसऱ्याला हात लावू नका. बऱ्याच फोनांवर आपलं लिनक्स यूजरडेटा नावाच्या विभाजनावर, म्हणजे साठवणीच्या एका विभागावर (पार्टिशनवर), बसवलेलं असतं, कारण सगळ्यात जास्त जागा तिथेच असते. अँड्रॉइडला तो विभाग अनोळखी वाटतो, म्हणून ते म्हणतं की डेटा खराब आहे. खराब काहीच नसतं. तिथे तुमचं अख्खं लिनक्स आहे, तुमच्या फाइली आहेत, आणि रीसेटवर एक बोट पडलं की ते सगळं जातं. लोकांनी फोन वाचवण्याच्या घाईत इथेच आपला डेटा घालवला आहे. पॉवरचं बटण दाबून धरा, फोन बंद करा आणि आवाजाचं बटण व पॉवर एकत्र धरून फास्टबूटमध्ये जा. आवाज वाढवायचं की कमी करायचं, ते प्रत्येक फोनचं वेगळं असतं.

दुसरी गोष्ट, लगेच फ्लॅश करायला घेऊ नका. फ्लॅश केल्याने पुरावा पुसला जातो. कसा, ते खाली येईलच.

आकडा बघा

फोन फास्टबूटमध्ये, केबल संगणकाला. संगणकाच्या टर्मिनलमध्ये 'फास्टबूट डिव्हायसेस' लिहून फोन दिसतो का ते पाहा. दिसत नसेल किंवा आज्ञा मध्येच अडकत असेल, तर फोनला दोष देण्याआधी यूएसबी पोर्ट बदला. काही फोनांचं फास्टबूट यूएसबी ३ च्या पोर्टवर नीट बोलत नाही. यूएसबी २ चा पोर्ट असेल तर तो घ्या, नसेल तर मध्ये एक साधा यूएसबी २ हब लावा. हा उपाय बालिश वाटतो, पण अनेकदा लागू पडतो.

मग 'फास्टबूट गेटव्हार ऑल' ही आज्ञा द्या. ती फक्त माहिती वाचते, फोनवर काही लिहीत नाही. पडद्यावर मोठी यादी येईल. त्यातल्या चारच प्रकारच्या ओळी आपल्या कामाच्या (स्लॉट म्हणजे सिस्टमच्या दोन प्रतींपैकी एक, सविस्तर खाली येईल):

'करंट-स्लॉट', म्हणजे सध्या कोणता स्लॉट चालू आहे, ए की बी.
'स्लॉट-रीट्राय-काउंट', दोन्ही स्लॉटांसाठी वेगळा.
'स्लॉट-सक्सेसफुल', हो किंवा नाही.
'स्लॉट-अनबूटेबल', हो किंवा नाही.

ज्या स्लॉटवर तुमचं लिनक्स आहे त्याच्यापुढे रीट्राय-काउंट ० दिसतोय, सक्सेसफुलपुढे 'नो' आहे आणि अनबूटेबलपुढे 'यस' आलंय? मग निदान झालं. पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

सक्सेसफुलपुढे 'यस' असेल आणि तरी फोन लोगोवर अडकत असेल, तर कारण दुसरं आहे. त्याच्याबद्दल शेवटी बोलू.

यादीत स्लॉटचा उल्लेखच नसेल, तर तुमच्या फोनला दोन स्लॉट नाहीत आणि हा त्रास तुम्हाला होणारच नाही. हे फोनागणिक बदलतं. वनप्लस ६ आणि पोको एफ१ हे दोन्ही २०१८ चे, दोघांतही स्नॅपड्रॅगन ८४५ चिप, पण पहिल्यात दोन स्लॉट आहेत आणि दुसऱ्यात एकच. पिक्सेल ३, फेअरफोन ४ हे दोन स्लॉटवाले. सॅमसंगच्या फोनांवर फास्टबूटऐवजी डाउनलोड मोड असतो, त्यामुळे त्यांची गोष्टच निराळी. स्नॅपड्रॅगन ४१० च्या काळातले जे फोन एलके-सेकंड नावाच्या दुय्यम बूटलोडरवर चालवतात, त्यांनाही स्लॉटचा हा हिशेब लागू नाही.

हा आकडा आला कुठून

२०१६ मध्ये अँड्रॉइड ७ बरोबर गुगलने अपडेटची नवी पद्धत आणली. आधी अपडेट म्हणजे फोन रिकव्हरीत जायचा आणि बराच वेळ नुसता पट्टी दाखवत बसायचा. नव्या पद्धतीत बूट, सिस्टम, व्हेंडर अशा महत्त्वाच्या विभागांच्या दोन-दोन प्रती ठेवल्या, एक ए, एक बी. तुम्ही ए वर फोन वापरत असता तेव्हा अपडेट गुपचूप बी वर लिहिलं जातं आणि पुढच्या रीस्टार्टला फोन बी वरून उठतो. यूजरडेटा मात्र एकच, दोघांत सामाईक.

पण नवं अपडेट बिघडलेलं निघालं तर? म्हणून बूटलोडरला एक हिशेब दिला. नव्या स्लॉटला ठरावीक संधी. प्रत्येक वेळी सुरू करताना बूटलोडर एक संधी कमी करतो. सिस्टम व्यवस्थित उभी राहिली की अँड्रॉइड स्वतः सांगतं, 'मी पोचलो', आणि सक्सेसफुलची खूण होते. खूण झाली की मोजणी बंद. खूण न होताच संधी संपल्या, तर बूटलोडर त्या स्लॉटला बाद ठरवतो आणि दुसऱ्या स्लॉटकडे वळतो. दुसरा स्लॉटही भरवशाचा नसेल तर फास्टबूटमध्ये थांबतो.

क्वालकॉमच्या चिप असलेल्या फोनांत हा हिशेब कुठल्या फाइलीत नसतो. तो थेट विभाजन-तक्त्यात असतो. जीपीटी तक्त्यात प्रत्येक विभाजनाला ६४ बिटांची एक गुणधर्मांची नोंद असते. बूट विभाजनाच्या त्या नोंदीत ४८ व्या बिटापासून पुढे क्वालकॉमने आपल्या खुणा ठेवल्यात. दोन बिट प्राधान्यासाठी, एक चालू स्लॉटसाठी, तीन उरलेल्या संधींसाठी, एक यशासाठी, एक बाद झाल्याच्या खुणेसाठी. संधींना तीनच बिट, आणि तीन बिटांत मावणारा मोठ्यात मोठा आकडा ७. म्हणून सात वेळा फोन सुरू होतो आणि आठव्यांदा नाही.

आता आपल्या लिनक्सकडे या. ते उत्तम सुरू होतं, पण बूटलोडरला कुणी निरोपच देत नाही. अँड्रॉइडमध्ये हे काम करणारा भाग आपण काढून टाकला. त्यामुळे बूटलोडरच्या दृष्टीने आपला प्रत्येक यशस्वी बूट हा अपयशीच असतो. तो बिचारा नेमून दिलेलं काम चोख करतो आहे.

त्रास अनियमित का वाटतो, तेही यातून कळतं. दिवस मोजू नका, रीस्टार्ट मोजा. जो फोन महिनाभर चालूच ठेवतो त्याला हा प्रसंग कित्येक महिन्यांनी येतो. जो कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, प्रयोग करत बसतो त्याला दुपारपर्यंत येतो. झोपेतून उठणं मोजलं जात नाही. पण फोन अडकला म्हणून पॉवर दाबून जबरदस्तीने सुरू केला, तर ते मोजलं जातं.

आणि पुन्हा फ्लॅश केल्याने बरं का वाटतं? फास्टबूटमधून बूट विभाग लिहिला की बूटलोडर त्या स्लॉटची पाटी कोरी करतो. बाद झाल्याची खूण जाते, संधी पुन्हा ७ होतात. म्हणजे बरं झालं ते आकडा भरल्यामुळे, नव्या इमेजमुळे नव्हे. तीच जुनी इमेज टाकली असती तरी फोन उठला असता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार.

मला हे उमगायला बराच वेळ लागला. माझ्याकडचा जुना फोन मी घरातल्या फाइलींच्या बॅकअपसाठी लावून ठेवला होता. पडद्याला तडा गेलेला, पण आत सगळं शाबूत. मी मुद्दाम कमीत कमी पॅकेजांची मांडणी केली होती, कारण त्या फोनवर पडदा फारसा वापरायचाच नव्हता. तो पडला की मी गृहीत धरायचो की अपडेटने काहीतरी मोडलं. मग नवी इमेज बनवायची, फ्लॅश करायची, सेटिंग पुन्हा लावायची, बॅकअपच्या चाव्या पुन्हा टाकायच्या. तिसऱ्यांदा हे झालं तेव्हा मी त्या आठवड्यात एकही अपडेट घेतलेलं नव्हतं. तिथे पहिल्यांदा शंका आली. मग फोनशेजारी एक कागद ठेवला आणि प्रत्येक रीस्टार्टला एक रेघ मारली. सात रेघा झाल्या, आठव्यांदा फास्टबूट. आकडा भरून परत तेच केलं, पुन्हा सात. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे, कारण त्या सात रेघांनी मला लॉग वाचून जे कळलं नव्हतं ते सांगितलं. लॉगमध्ये दिसणारच नव्हतं म्हणा. आठव्या वेळी कर्नल सुरूच होत नाही, मग लॉग लिहिणार कोण?

तात्पुरता उपाय

फास्टबूटमध्ये असताना 'फास्टबूट सेट अंडरस्कोर ॲक्टिव्ह', मग मोकळी जागा, मग लिनक्स ज्या स्लॉटवर आहे त्याचं अक्षर. 'सेट' आणि 'ॲक्टिव्ह' यांच्यामध्ये अंडरस्कोरच, मोकळी जागा नाही. ए वर असेल तर ए. लगेच गेटव्हार पुन्हा चालवून पाहा. रीट्राय-काउंट ७ झालेला दिसेल, अनबूटेबल 'नो' झालेलं दिसेल. मग 'फास्टबूट रीबूट'. फोन जसा होता तसा उठेल, एकही फाइल न गमावता.

एक सावधगिरी मनापासून सांगतो. 'ए चालत नाही ना, मग बी करून बघू' असं करू नका. बी मध्ये काय आहे ते माहीत असल्याशिवाय त्याला चालू स्लॉट बनवणं धोक्याचं आहे. स्लॉट फक्त बूट आणि सिस्टमचे नसतात. क्वालकॉमच्या फोनांत अगदी पहिल्या टप्प्याचे बूटलोडरसुद्धा दोन-दोन असतात. काही फोन कारखान्यातून येतात तेव्हा दुसरा स्लॉट अर्धवट किंवा रिकामा असतो, आणि कधीच अधिकृत अपडेट न घेतल्याने तो तसाच राहतो. अशा रिकाम्या स्लॉटवर फोन वळवला तर फास्टबूटदेखील हाती लागत नाही. मग उरतो तो क्वालकॉमचा आपत्कालीन डाउनलोड मोड, आणि त्यातून फोन बाहेर काढायला त्या मॉडेलसाठीच सही केलेल्या फाइली लागतात. त्या मिळतीलच असं नाही.

कायमचा उपाय

लिनक्सने बूटलोडरला 'मी पोचलो' हे सांगायला हवं. त्यासाठी क्यूबूटसीटीएल नावाचं छोटं साधन आहे. अँड्रॉइडमधल्या क्वालकॉमच्या बूट-कंट्रोल भागाचंच काम ते साध्या लिनक्सवर करतं. अल्पाइन आणि डेबियन या दोन्ही लिनक्सांच्या पॅकेज-भांडारात ते आहे. पोस्टमार्केटओएस अल्पाइनवर उभं आहे आणि मोबियन डेबियनवर, त्यामुळे दोघांच्याही वापरकर्त्यांना ते नेहमीच्या पॅकेज मॅनेजरने मिळतं.

फोन उठला की एसएसएचने (नेटवर्कवरून, संगणकाच्या टर्मिनलमधून) किंवा फोनवरच्या टर्मिनलमधून आत जा. रूट, म्हणजे प्रशासकाच्या, अधिकाराने नुसतं 'क्यूबूटसीटीएल' चालवा. दोन्ही स्लॉटांची स्थिती समोर येईल: चालू आहे का, यशस्वी आहे का, बूट होण्याजोगा आहे का. चालू स्लॉटच्या यशस्वीपुढे ० दिसला तर पुढची आज्ञा द्या, 'क्यूबूटसीटीएल', मोकळी जागा, 'डॅश एम'. एम म्हणजे मार्क, खूण करा. पुन्हा स्थिती बघा, ० चा १ झालेला असेल. विभाजन-तक्त्यातला एक बिट बदलला आणि मोजणी थांबली.

एवढ्यावर थांबू नका. ही खूण पुसली जाऊ शकते. फास्टबूटमधून बूट विभाग फ्लॅश केला की जाते, सेट-ॲक्टिव्ह केलं की जाते. म्हणून दर वेळी सुरू होताना खूण आपोआप झाली पाहिजे. दोन स्लॉटवाल्या नीट सांभाळलेल्या मॉडेलांसाठीच्या तयार इमेजमध्ये हे काम करणारी सेवा बहुधा असतेच. म्हणूनच तयार इमेज वापरणाऱ्यांपैकी अनेकांना हा त्रास कधी माहीतच होत नाही. अडकतात ते माझ्यासारखे, ज्यांनी पॅकेजं कमी केली, स्वतः मांडणी केली, किंवा आपल्या मॉडेलसाठी नवीन पोर्ट करायला घेतलं.

तुमच्याकडे सेवा आहे का ते बघा. सेवा चालवणारी व्यवस्था ओपनआरसी असेल तर 'आरसी-अपडेट शो' आणि 'आरसी-स्टेटस', सिस्टमडी असेल तर 'सिस्टमसीटीएल स्टेटस'. पोस्टमार्केटओएसने २०२४ मध्ये सिस्टमडीकडे जायचं जाहीर केलं, त्यामुळे आता दोन्ही प्रकारच्या मांडण्या भेटतात. जुनी टिपणं वाचताना आपल्याकडे यांतलं कोणतं आहे ते आधी तपासा.

सेवा नसेलच, तर स्वतः बसवणं अवघड नाही. ओपनआरसीवर 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'लोकल डॉट डी' मध्ये एक छोटी स्क्रिप्ट ठेवा. फाइलीच्या नावाच्या शेवटी 'डॉट स्टार्ट' हवं आणि तिला चालवण्याची परवानगी हवी. आत शेलची पहिली ओळ आणि खाली खूण करणारी आज्ञा, बस. मग 'आरसी-अपडेट ॲड लोकल डिफॉल्ट' करून लोकल सेवा सुरू ठेवा. परवानगी द्यायला विसरलात तर स्क्रिप्ट मुकाट्याने वगळली जाते आणि तुम्ही समजता की काम झालं. म्हणून रीस्टार्टनंतर स्थिती बघायचीच. सिस्टमडीवर वनशॉट प्रकारचं, म्हणजे एकदा चालून संपणारं, एक युनिट लिहिलं की तेच साधतं.

खूण कधी करायची, यावर माझं मत ठाम आहे: उशिरा. काही जण ती इनिटरामएफएसमध्येच, म्हणजे मुख्य सिस्टमच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्राथमिक सिस्टममध्ये, अगदी सुरुवातीला करून टाकतात. तसं केलं तर फोन कायम 'यशस्वी' राहतो, पण मग त्या व्यवस्थेचा फायदाच उरत नाही. अर्ध्यात कोसळणाऱ्या सिस्टमलाही तुम्ही उत्तीर्ण करून मोकळे होता. फाइलसिस्टम जोडली गेली, नेटवर्क आलं, एसएसएच ऐकायला लागलं, आणि मग खूण, असा क्रम ठेवा. ज्या फोनचा पडदा फुटलेला आहे आणि जो दूर कपाटात ठेवून चालवायचा आहे, त्याच्यासाठी तर एसएसएच हीच यशाची खरी व्याख्या.

सेवा आहे, तरीही शून्यच

हा थोडा चिवट प्रकार. मला यात दोन कारणं भेटली आहेत, आणि त्यांच्या शेजारचाच एक तिसरा घोटाळा.

पहिलं म्हणजे सेवा रांगेत आहे, पण तिच्याआधीची एखादी सेवा अडून बसली आहे. उदाहरणार्थ नेटवर्कची वाट पाहणारी सेवा, आणि वाय-फाय तर बंद. फोन वापरण्याजोगा झालेला दिसतो, म्हणून लक्षात येत नाही. 'आरसी-स्टेटस'मध्ये खूण करणारी सेवा 'स्टार्टेड' आहे का, ते वाचूनच खात्री करा.

दुसरं, विभाजनं नावाने सापडत नाहीत. हे साधन बूट विभाजन त्याच्या लेबलवरून शोधतं. 'डेव्ह' खालच्या 'डिस्क' फोल्डरमध्ये 'बाय-पार्टलेबल' आहे का आणि त्यात तुमच्या स्लॉटचा बूट विभाग दिसतो का, ते पाहा. डिव्हाइस मॅनेजर बदललेल्या, फार हलक्या मांडण्यांमध्ये हे दुवे तयारच होत नाहीत.

तिसरा घोटाळा स्वतः कर्नल बांधणाऱ्यांसाठी, आणि तो शून्याचा नव्हे, स्लॉट बदलण्याचा आहे. यूएफएस प्रकारची साठवण-चिप असलेल्या फोनांत चालू स्लॉट बदलताना या साधनाला यूएफएसच्या बीएसजी नावाच्या मार्गाने साठवणीच्या चिपशी बोलावं लागतं. कर्नलमध्ये तो पर्याय बंद असेल तर लिनक्समधून स्लॉट बदलणं फसतं. नुसती खूण करायला त्याची गरज नसते, त्यामुळे 'डॅश एम' चालतो आणि स्लॉट बदलणारा 'डॅश एस' चालत नाही, अशी गोंधळात टाकणारी अवस्था दिसते.

स्लॉट बदलल्यावर वाय-फाय किंवा टच गेला

वरच्या सगळ्या खटपटीत हा जोडत्रास हमखास येतो. फोन उठतो, पण वाय-फाय नाही, आवाज नाही, कधी टचही नाही.

लिनक्सची रूट फाइलसिस्टम, म्हणजे सिस्टमच्या सगळ्या फाइली असलेला मुख्य भाग, एकच आहे, पण बूट विभाग दोन आहेत. कर्नलचं अपडेट येतं तेव्हा पोस्टमार्केटओएस नवी बूट इमेज त्याच स्लॉटवर लिहितं ज्यावरून फोन आत्ता चालू झालेला आहे. ते अक्षर त्याला कर्नलच्या आज्ञा-ओळीतून मिळतं, बूटलोडर तिथे स्लॉटचा प्रत्यय लिहून ठेवतो. समजा मागे कधीतरी तुम्ही दोन्ही स्लॉटांवर इमेज टाकली होती, मग महिनाभर ए वर अपडेट घेतले आणि आता फोन बी वर वळला. बी वर महिन्यापूर्वीचं कर्नल आहे, पण रूट फाइलसिस्टममध्ये मॉड्यूल, म्हणजे वाय-फाय, टच वगैरे चालवणारे कर्नलचे सुटे भाग, नव्या कर्नलची. जुनी मॉड्यूल अपडेटच्या वेळीच निघून गेली. कर्नल दारात उभं आणि घरात त्याच्या ओळखीचं कुणी नाही.

तपासायला दोन आज्ञा पुरतात. 'यूनेम डॅश आर' चालू कर्नलची आवृत्ती सांगते. 'लिब' फोल्डरमधल्या 'मॉड्यूल्स' मध्ये जी आवृत्ती आहे तिच्याशी ती अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. जुळत नसेल तर मूळच्या स्लॉटवर परत जा. किंवा याच स्लॉटवर राहायचं असेल तर रूट अधिकाराने 'एमकेइनिटएफएस' चालवा, म्हणजे नवी बूट इमेज तयार होऊन चालू स्लॉटवर लिहिली जाईल. ती शेवटपर्यंत विनातक्रार पार पडली का ते बघूनच रीस्टार्ट करा. बूट फाइलसिस्टममध्ये जागा कमी पडली तर ती मध्येच थांबते, आणि अर्धवट इमेजने फोन उठत नाही.

आकडा ठीक आहे, तरी फोन उठत नाही

सक्सेसफुलपुढे 'यस' असताना फोन लोगोवर अडकला, तर बहुतेक वेळा शेवटचं कर्नल अपडेट कारणीभूत असतं. लिनक्सच्या आतून बूट इमेज लिहिली जाते तेव्हा विभाजन-तक्त्यातली खूण तशीच राहते. नवं कर्नल न तपासताच उत्तीर्ण ठरलेलं असतं, मोजणी होत नाही, आणि फोन आपणहून फास्टबूटमध्ये येत नाही. बटणं धरून तुम्हीच न्यायचं आणि आधीची, चालणारी बूट इमेज फ्लॅश करायची. ती संगणकावर जपून ठेवलेली असली पाहिजे. मी दर चालणाऱ्या कर्नलची एक प्रत तारीख घालून ठेवतो.

पहिल्याच बूटला अडकला असेल तर डीटीबीओ नावाचा विभाग आठवा. वनप्लस ६ सारख्या फोनांवर मुख्य प्रवाहातलं कर्नल चालवायचं तर हा विभाग पुसावा लागतो. नाहीतर बूटलोडर अँड्रॉइडसाठीचं हार्डवेअर वर्णन आपल्या कर्नलच्या वर्णनावर चढवतो आणि सगळं फिसकटतं. 'फास्टबूट इरेज' फक्त चालू स्लॉटचा डीटीबीओ पुसतं. दुसऱ्या स्लॉटचा तसाच राहतो आणि कधी तिकडे वळलात की तोच अडथळा पुन्हा समोर येतो.

आणि फोन खरंच उठलेला नाही ना, हेही पडताळा. पडदा काळा पण यूएसबीने जोडल्यावर संगणकाला नवं नेटवर्क दिसतंय, असं असेल तर कर्नल जागं आहे. पोस्टमार्केटओएसमध्ये फोनचा यूएसबीवरचा पत्ता १७२.१६.४२.१ असतो. तिथे पिंग लागला तर अडचण पडद्याची आहे, बूटची नव्हे. बॅटरी पूर्ण उतरलेली असतानाही फोन लोगोपर्यंत येऊन पुन्हा पुन्हा विझतो. तासभर चार्जरला लावा आणि मग ठरवा. अशा चकरांमध्ये संधीही खर्च होत असतात, म्हणून चार्जिंगनंतर आकडा पुन्हा बघा.

दुरुस्ती झाली का, हे तपासायचा एकच मार्ग मला भरवशाचा वाटतो. सेवा बसवा, मग ओळीने आठ वेळा रीस्टार्ट करा. सात नव्हे, आठ. दर वेळी आत जाऊन क्यूबूटसीटीएलची स्थिती वाचा आणि कागदावर एक रेघ मारा. आठवी रेघ मारता आली की फोन कपाटात ठेवायला हरकत नाही.